मार्गारेटच्या पायथ्याची जागा

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून थडगी दिसायची. भांडी विसळताना मान वर केली की कुंपणापलीकडे आधी लँगस्टाफ घराण्याची थडगी, मग चर्चची पांढरी लाकडी भिंत आणि तिच्यामागे समुद्र. समुद्र बहुतेक दिवस धुक्यात असायचा, त्यामुळे आमच्या वाट्याला थडगीच जास्त आली. थडगं म्हटलं की जमिनीत रोवलेला एक उभा दगड डोळ्यांसमोर येतो, तशी ही नव्हती. कमरेएवढ्या उंचीच्या दगडी पेट्या होत्या त्या. चारही बाजूंनी कोरीव फरशा आणि वर झाकणासारखी एक भलीमोठी सपाट शिळा. फरशांवर पंख फुटलेली गुबगुबीत बाळमुखं, वाळूची घड्याळं, दोरखंडाचे पीळ, द्राक्षांचे वेल, आणि एका पेटीवर शिडं फुगलेलं जहाज. दगड इंग्लंडहून आलेला होता, जहाजाचा तोल राहावा म्हणून तळाशी घालून आणलेला. इथे कॅनडात एवढा दगड पडलेला असताना लोकांनी मरणासाठी मात्र माहेरचा दगड मागवला, याचं आईला फार कौतुक होतं.

हॅलिफॅक्सपासून गाडीने तासाभरावरचं ते गाव. बाबा तिथल्या छोट्या हॉस्पिटलात डॉक्टर होते आणि हे घर हॉस्पिटलनेच दिलेलं होतं. चर्चला लागून असल्यामुळे ते कोणाला नको होतं, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. गावात मराठी घर आमचं एकटंच. सकाळी धुक्यात जहाजांना इशारा देणारा भोंगा, त्यावर कुकरची शिट्टी, त्यावर सीगल पक्ष्यांची भांडणं, अशा आवाजांत मी वाढले. बाबांचे पेशंट कोळी होते. उपकाराची फेड म्हणून ते मागच्या दारात जिवंत लॉब्स्टर ठेवून जायचे. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. आई चिमट्याने टोपली उचलून म्हणायची, "नंदे, जा बाई, हा खेकड्याचा थोरला भाऊ पाद्रीबुवांकडे पोचव आधी." पाद्रीबुवा म्हणजे रेव्हरंड पाइक. उंच, वाकलेले, जुलैतही स्वेटर घालणारे. लॉब्स्टर बघून त्यांचा चेहरा जितका उजळायचा तितका तो ईस्टरलाही उजळलेला मी पाहिला नाही.

आईला इंग्रजी समजायचं, पण बोलायला ती बिचकायची. नाशिकची कडक उन्हं सोडून आलेली बाई. तिथे गेल्यावर पहिली दोन वर्षं तिचे पापड वाळलेच नाहीत. खिडकीत ठेवले की दमट, शेगडीपाशी ठेवले की तडकायचे. मग एका जूनमध्ये चार दिवस लख्ख ऊन पडलं आणि तिने खिडकीतून ती सपाट शिळा पाहिली. स्वच्छ, रुंद, उन्हात तापलेली, वर एक पानही पडलेलं नाही. चर्चवाल्यांनी जेवणावळीसाठी दगडी टेबलं बांधलेली असणार, असा तिने समज करून घेतला. मी शाळेतून आले तेव्हा जुनी पांढरी साडी त्या शिळेवर अंथरलेली होती, तिच्यावर उडदाचे पापड मांडलेले होते आणि आई शेजारी उभी राहून पक्षी हाकलत होती. तेवढ्यात रेव्हरंड पाइक आले. पापडांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात इंग्रजीत म्हणाले, "नंदिनी, तुझ्या आईला सांगशील का, की हे टेबल नाही?"

"मग काय आहे?"

"हे… कॅप्टन लँगस्टाफ आहेत."

"काय म्हणतायत गं?" आईने विचारलं.

"आई, ते म्हणतायत आत माणूस आहे."

आईच्या हातातला पापड गळून पडला. आमच्या जोग आडनावाचं रेव्हरंड पाइक नेहमीच जॉग करायचे. त्या दिवशी "मिसेस जॉग, प्लीज, इट्स क्वाइट ऑल राइट" म्हणत ते तिच्या मागून कुंपणापर्यंत आले, पण आई थांबायला तयार नव्हती. सगळे पापड सीगलना गेले, साडी कचऱ्यात गेली आणि आईने डोक्यावरून अंघोळ केली. संध्याकाळी बाबा घरी आले आणि ऐकून पोट धरून हसले. "अगं, पेटी रिकामी असते. माणूस खाली, जमिनीत. वरचं सगळं नुसतं दाखवायला."

"म्हणजे एवढं कोरलेलं, आणि आत काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग उगाच कशाला हो?" आई म्हणाली.

 चेष्टा करून झाली की उत्तर द्यायला बाबा थांबत नसत.

आईला मात्र चैन पडेना. आपण कोणाच्या तरी डोक्यावर पापड घातले, त्यांची माफी मागायला हवी, असं तिच्या मनाने घेतलं. मला घेऊन ती पेट्या वाचत फिरली. अक्षरं शेवाळाने भरलेली, मी बोटाने चाचपून वाचायची आणि मराठीत सांगायची. कॅप्टनच्या शेजारी त्याच्या बायकोची, मार्गारेटची पेटी होती, जहाजवाली. दोघांची सालं मी वाचली तेव्हा आईने मला पुन्हा वाचायला लावली.

"म्हणजे ही आधी गेली?"

"हो. तो नऊ वर्षांनी."

"अहेव गेली की गं बाई," आई म्हणाली, आणि तिचा आवाजच बदलला. अहेव म्हणजे काय, ते मी तिथेच शिकले. नवरा मागे असताना, कपाळाचं कुंकू शाबूत असताना गेलेली. त्यानंतरच्या शुक्रवारी आई हळदीकुंकवाची कुयरी घेऊन कुंपणापलीकडे गेली आणि मार्गारेटच्या पेटीवरच्या एका पंखवाल्या बाळमुखाच्या कपाळाला तिने हळद आणि कुंकू लावलं. परदेशात तिला पहिली मैत्रीण मिळाली ती अशी. मग शुक्रवार चुकला नाही. चैत्रात कैरी मिळत नसे म्हणून हिरव्या सफरचंदाची डाळ करायची, तिची एक वाटीसुद्धा तिकडे जाऊन परत यायची.

इंग्लंडच्या दगडाला हळद चांगली लागते. उन्हाळा संपेपर्यंत ते बाळमुख कावीळ झाल्यासारखं पिवळं झालं. रेव्हरंड पाइक पुन्हा आले, आणि या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. दगड मऊ आहे, रंग आत मुरतो, लँगस्टाफ घराण्याचं आता कोणी उरलेलं नसलं तरी त्या पेट्यांची जबाबदारी माझी आहे, असं ते म्हणाले. आई दारामागे उभी राहून मला ढोसत होती, "सांग त्यांना, सवाष्णीला नाही म्हणू नये." हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला आजही सुचत नाही. मी वेगळीच वाट धरली. दगडाला हात लावणार नाही, पायथ्याशी गवतात एक चपटा दगड ठेवू, हळदीकुंकू त्यावर, म्हटलं. ते गप्प. मग म्हटलं, पेट्यांभोवतीचं गवत आणि काटेरी झुडपं आम्ही काढू, दर आठवड्याला. ते अजून गप्प. "अँड द लॉब्स्टर्स, ऑफ कोर्स, विल कंटिन्यू," असं म्हणाले मी. ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. मी तेरा वर्षांची होते. आज ब्रॅम्पटनमध्ये माझी भाज्यांची घाऊक पेढी आहे, पहाटे भेंडीच्या खोक्यांवरून मी मोठमोठ्या दलालांना घाम फोडते, आणि लोक म्हणतात बाईची जीभ तिखट आहे. पण पहिला सौदा तो. समोरच्याला काय हवंय ते त्याच्याआधी आपल्याला कळलं पाहिजे, एवढं मी त्या दिवशी शिकले. समोरचा शब्द कुठला वापरतो तिकडे लक्ष द्यायचं, हे मात्र मी तेव्हा शिकले नाही. ते मला घरात शिकवलं गेलं.

आई आजारी पडली तेव्हा मी सोळाची होते. आजाराबद्दल मी इथे लिहिणार नाही. बाबा डॉक्टर होते आणि घरात त्या आजाराचं नावही घेतलं जात नव्हतं, एवढं पुरे. त्या शेवटच्या उन्हाळ्यात दुपारी जेवण झालं की आईला कुंपणापलीकडे जायचं असे. मी तिला हाताला धरून न्यायची. ती मार्गारेटच्या पेटीला पाठ टेकून गवतात बसायची. दगड उन्हाने तापलेला असायचा आणि तिला त्या दिवसांत सतत थंडी वाजायची. मी ताकभात भरवायची. एके दिवशी घास तोंडात तसाच ठेवून ती म्हणाली, "मला इथे जागा मिळेल का गं, हिच्या पायथ्याशी?"

मी म्हटलं, "असं बोलू नको."

"बोलू दे. तिकडे नदीत सोडलं की गेलं वाहून. तू इथे राहणारी. तुला कधी यायचं झालं माझ्याकडे, तर कुठे येशील?" मग जरा वेळाने म्हणाली, "पाद्रीबुवा देतील का? आपण त्यांच्यातले नाही."

"मिळवीन मी," मी म्हटलं.

"मिळवशील तू," आई म्हणाली. पुढचा घास तिने मागून घेतला.

ती फेब्रुवारीत गेली. बर्फ एवढं होतं की हॅलिफॅक्सच्या दाहगृहापर्यंत जाताना दोनदा गाडी फावड्याने बर्फातून उपसून काढावी लागली. चार दिवसांनी बाबा एक लाकडी खोकं घेऊन आले आणि देवघरासमोर ठेवलं. त्या आठवड्यात घरातला ऑइलचा हीटर बंद पडला होता. बाबांनी मागची पडकी शेड फोडली आणि तिची हिरव्या रंगाची दारं, फळ्या, सगळं त्या लोखंडी शेगडीत जाळलं. रोज सकाळी शेगडीतली राख काढून बादलीत भरायचं काम माझं होतं. आई गेली तरी कामं राहतातच. मी पिठलं करायची, ते करपायचं, बाबा न बोलता खायचे.

रेव्हरंड पाइकांकडे मी एकटीच गेले. आईने मागितलेली जागा मी त्यांच्याकडे मागितली.  ती पवित्र केलेली जमीन आहे, चर्चची समिती आहे, गावातली काही माणसं नाही म्हणतील, हे सगळं त्यांनी नीट सांगितलं. मी त्यांना म्हटलं, तीन उन्हाळे त्या पेट्यांभोवतीचं गवत कोणी काढलं? लँगस्टाफ घराण्याचं कोणी आलं होतं का? तुमच्या समितीतलं कोणी? मार्गारेटचं नाव गेल्या शंभर वर्षांत आईशिवाय दुसऱ्या कोणी मोठ्याने घेतलंय का? मी ओरडत होते, हे मला त्यांची बायको दारात आली तेव्हा कळलं. शेवटी ठरलं ते असं. पायथ्याशी हातभर जागा. गवताच्या वर न येणारा एक सपाट दगड. त्यावर नाव, बाकी काही नाही. आणि मी त्या गावात आहे तोवर लँगस्टाफांच्या सगळ्या पेट्यांची निगा माझ्याकडे. मी हात पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला.

जागा मिळाली म्हणून मी धावत घरी आले. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते, समोर विमानाचं तिकीट. ते नाशिकला निघाले होते, खोकं घेऊन.

"आई इथे राहणार आहे," मी म्हटलं. "तिने सांगितलंय मला. जागा घेतलीय मी."

"अस्थी गोदावरीत जातात, नंदा. ह्यात घेण्या-देण्यासारखं काही नाही."

मी भांडले. असं भांडले की कपाट उघडं पडून त्यातली पितळेची भांडी खाली आली. बाबा शांत. त्यांचा राग असाच असायचा, ते आवाज खाली आणायचे. शेवटी मी म्हटलं, "मग अर्धं अर्धं."

"आई म्हणजे काय भाकरी आहे, अर्धी अर्धी करायला?" बाबा म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले, आणि म्हणाले, "असं करू. अस्थी गोदावरीत. राख इथे. कबूल?"

मला ते योग्य वाटलं. आपल्याकडे तसंच तर करतात. चिता विझली की अस्थी वेचतात, त्या तीर्थाला नेतात, राख मागे राहते. लहानपणी नाशिकला मोठ्या माणसांच्या बोलण्यात मी हे ऐकलेलं होतं. अस्थी वेगळ्या आणि राख वेगळी. दोन्ही आईच. "कबूल," मी म्हटलं.

बाबा नाशिकला जाऊन आले. एप्रिलच्या शेवटी जमीन मऊ झाली तेव्हा त्यांनी मला तेच लाकडी खोकं दिलं, झाकण चिकटपट्टीने बंद केलेलं. "उघडू नकोस," म्हणाले. मी कशाला उघडीन? रेव्हरंड पाइकांनी काही म्हटलं, मी मनातल्या मनात काही म्हटलं, आणि मार्गारेटच्या पायथ्याशी ते खोकं खाली गेलं. बाबा त्या दिवशी ड्यूटीवर होते.

तीन उन्हाळे मी त्या जागेला जपलं. शाळेतल्या मुली बीचवर जायच्या, मी गुडघ्यांवर बसून काटेरी झुडपं उपटायची. शुक्रवारी हळदीकुंकू. परीक्षेचा निकाल लागला की आधी तिथे. एका मुलाने मला डान्सला नेलं नाही, तेही तिथेच सांगितलं. दर वेळी त्या दगडावर हात सपाट ठेवून मी बोलायची. मी हे लिहितेय ते कोणाला दया यावी म्हणून नाही. मला त्या तासांचा हिशेब कुणीतरी द्यायला हवा होता आणि कुणी दिला नाही, म्हणून लिहितेय.

कॅनडात थंडी जमीन उचलते. पाणी गोठतं, माती फुगते, वितळली की खचते. असं होत होत मार्गारेटची पेटी एका बाजूला कलली आणि जहाजाची फरशी सुटून बाहेर आली. चर्चने हॅलिफॅक्सहून एंगस नावाच्या गवंड्याला बोलावलं. पेटी पूर्ण उतरवायची, पाया पुन्हा घालायचा, मग फरशा जागेवर. मी तिथेच होते. झाकणाची शिळा साखळीने वर उचलली तेव्हा मी वाकून आत पाहिलं. बाबा म्हणाले होते तसंच, रिकामी. थोडी माती, गोगलगायींचे शंख, एका चिमणीचं जुनं घरटं. पाया खणायचा तर पायथ्याचा आमचा दगडही हलवावा लागणार होता. रेव्हरंड पाइकांनी मला विचारलं. मी म्हटलं, खोकं मी माझ्या हातांनी काढीन.

ते माझ्या हातांत आलं आणि तळ सुटला. ओल्या मातीत लाकूड कुजलं होतं. सगळं माझ्या पुढ्यात सांडलं. राखाडी राख, तिच्यात कोळशाचे काळे तुकडे, एक वाकडा खिळा, आणि एका अर्धवट जळलेल्या चिपेवर हिरवा रंग.

मला कोणी काही सांगावं लागलं नाही. तो हिवाळा संपेपर्यंत ती राख रोज सकाळी मी माझ्या हातांनी बादलीत भरली होती. शेडच्या दाराचा हिरवा रंग मला ओळखता येत नाही?

एंगसने टोपी काढली होती. आई सांडली म्हणून त्याने टोपी काढली. रेव्हरंड पाइकही मान खाली घालून ओठांतल्या ओठांत काही म्हणत होते.  मी ओंजळीने ती राख गोळा केली, एप्रनमध्ये भरली आणि घरी आले.

बाबा जेवत होते. मी एप्रन त्यांच्या ताटाशेजारी उघडला.

 त्यांनी हातातला घास खाली ठेवला. मला वाटलं आता तरी त्यांना लाज वाटेल.

"हे शेगडीतलं आहे," मी म्हटलं.

"हो."

"आई कुठे आहे?"

"तुला सांगितलं होतं. गोदावरीत."

"राख इथे ठेवू म्हणाला होतात!"

"मग ही काय आहे?" बाबा म्हणाले. आवाज अगदी खालचा. "मी राख देतो म्हणालो होतो. राख दिली. इथल्या दाहगृहात राख उरतच नाही, नंदा. लाकूड नसतं, गॅसवर सगळं होतं. मागे राहतात त्या फक्त अस्थी. त्याच दळून, पूड करून खोक्यात देतात. ते सगळं अस्थीच होतं. आणि अस्थी कुठे जाणार ते आपलं ठरलं होतं. तूच कबूल म्हणालीस."

 ते डॉक्टर होते. कबूल का, असं विचारताना त्यांना हे माहीत होतं. एक सोळा वर्षांची पोर, आई मेलेली, समोर उभी राहून अर्धं अर्धं म्हणतेय, आणि बाप मनात शब्द तोलून पाहतोय, कुठला टाकला तर पोरगी फसेल. माझ्या आयुष्यात मला पुष्कळांनी फसवलं. एका भागीदाराने गोदाम बळकावलं, एकाने सडलेल्या केळ्यांचा कंटेनर गळ्यात मारला. त्यांच्याशी मी कोर्टात भांडले आणि विसरले. पण ते परके होते.

"तिला इथे राहायचं होतं," मी म्हटलं. "मला म्हणाली होती ती."

"मला म्हणाली, मला घरी न्या. हॉस्पिटलात, शेवटच्या रविवारी."

"घरी म्हणजे कुठे, विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय?"

"हॉस्पिटलातून घरी म्हणजे हे घर! ह्या घरी! तुम्ही विचारलंसुद्धा नाही!"

बाबांनी ताट पुढे सरकवलं. "तिने तुला एक सांगितलं असेल, मला एक," ते म्हणाले. "तुझी आई तशीच होती. ज्याला जे ऐकायचं असेल ते ती त्याला सांगायची." आणि हात धुवायला उठले.

हे शेवटचं वाक्य मी त्यांना कधीच माफ केलं नाही. खोक्यातल्या फसवणुकीत निदान ते एकटे होते. या वाक्याने त्यांनी तिलाही आपल्याबरोबर ओढलं. आता साठी उलटल्यावर मी कधी कधी विचार करते, खरंच तिने दोघांना दोन गोष्टी सांगितल्या असतील का? सांगितल्या असतील. पण गवतात बसून घास मागून घेतला होता तिने. तो मी पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी दगड परत बसवायचा होता. रेव्हरंड पाइकांनी विचारलं होतं, नवीन खोकं हवं असेल तर ते देतील. त्यांना काय सांगावं? की ज्या जागेसाठी मी तुमच्यावर ओरडले तिथे आमच्या शेडचं दार पुरलं होतं? जागा परत करावी आणि गप्प बसावं, असं मी रात्रभर ठरवत होते. सकाळी बाबा हॉस्पिटलला गेल्यावर मी आईचं कपाट उघडलं. तिचं काहीही घेऊन जाणार होते, एखादी साडी, मंगळसूत्रातला एखादा मणी, काहीतरी. खालच्या खणात फणीकरंड्याच्या मागे एक बिस्किटांचा डबा होता. उघडला तर आत केस. तिच्या केसांची गुंतवळ, बोटाभोवती गुंडाळून केलेली गुंडाळी, एकीवर एक, डबा भरून.

विंचरताना गळलेले केस आई फेकत नसे. तिकडे बायका गुंतवळ साठवायच्या, दारावर येणाऱ्या बाईला देऊन तिच्याकडून सुया-पिना घ्यायच्या, नाहीतर त्याचं गंगावन करून घ्यायच्या. इथे अशी बाई कुठून येणार? आईला ते ठाऊक होतं, तरी हाताची सवय गेली नाही. वर काळेभोर केस होते, ते आजाराच्या आधीचे असणार. पुढे ते गळायला लागले तेव्हा तिने विंचरणंच सोडलं होतं. खालच्या गुंडाळ्यांना अजून खोबरेल तेलाचा वास होता. मी खाली जमिनीवर बसले. यातलं काही जळलं नव्हतं. याला कोणी अस्थी म्हणू शकत नव्हतं की राख. हे बाबांच्या कुठल्याच शब्दात बसत नव्हतं.

दुपारी एंगस जेवायला गेला तेव्हा मी डबा घेऊन गेले. मार्गारेटची पेटी पुन्हा उभी राहिली होती, सांध्यांतला चुना अजून ओला होता. खड्डा मी जरा खोल केला, डबा आत ठेवला, माती लोटली. एंगस आला, दगड बसवला, समतोल पाहिला आणि म्हणाला, "आता हलणार नाही."

सप्टेंबरात मी घर सोडून टोरंटोला आले. पुढे बाबा म्हातारे झाल्यावर मिसिसागाला माझ्याजवळच्या एका काँडोत राहिले. मी त्यांची औषधं आणायची, ग्रोसरी आणायची, डॉक्टरकडे न्यायची. आम्ही एकमेकांशी गिऱ्हाईक आणि दुकानदारासारखे बोलायचो, सभ्यपणे. त्यांचे निवृत्त मित्र रविवारी चहाला जमायचे, सगळे डॉक्टर आणि प्रोफेसर. गप्पा नोव्हा स्कोशियावर आल्या की बाबा तो किस्सा हमखास सांगत. ती कोरीव थडगी, ते पापड, आणि मग आमच्या नंदाने पाद्रीशी भांडून मिळवलेली जागा. "अजून दर उन्हाळ्याला जाते हो तिथे, विमानाने. दगडावर हळदीकुंकू वाहते. आता काय सांगायचं हिला?" म्हणत ते हसत, चष्मा काढून डोळे पुसत. "तिथे खाली काही नाही!"

मित्र माझ्याकडे पाहायचे. मी त्यांना साखर किती घालू, ते विचारायची.